शाळेच्या वयात बाळ झालं की पुढचं गणित नक्की कुठे बिघडतं?

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला दिवस गेले की आजूबाजूची माणसं एकच निकाल देऊन मोकळी होतात, संपलं हिचं आयुष्य. आणि आकडे वरवर बघितले तर ते खोटंही वाटत नाही, म्हणजे टीनएजमध्ये आई झालेल्या बायकांचं शिक्षण कमी असतं, कमाई कमी असते, मदतीसाठी दुसऱ्यांकडे हात पसरायची वेळ जास्त येते, त्यांची मुलंही शाळेत मागे पडतात, हे कितीतरी देशांत दिसतं. पण हे सगळं त्या बाळामुळे झालं, की बाळ यायच्या आधीच तिचं सगळं त्याच दिशेने चाललं होतं? या एका प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ तीस-पस्तीस वर्षं भांडतायत, आणि हे भांडण नुसतं पेपर छापण्यापुरतं नाहीये कारण उत्तर काय येतं त्यावर सरकारने पैसा कशावर खर्च करायचा ते ठरतं. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल: नुकसान होतं, अगदी खरंखुरं होतं, पण त्यातला मोठा वाटा आधीच्या गरिबीचा आणि नंतर लोक तिच्याशी कसे वागतात त्याचा असतो.

आधी आवाका किती ते बघू. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ ते १९ वयाच्या मुलींना वर्षाला अंदाजे २ कोटी १० लाख वेळा दिवस जातात, हा २०१९ चा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातल्या साधारण निम्म्या प्रेग्नन्सी नको असताना राहिलेल्या. बाळं जन्मतात सुमारे १ कोटी २० लाख. दिलासा एवढाच की प्रमाण घसरतंय: २००० साली जगात या वयाच्या दर हजार मुलींमागे वर्षाला ६४.५ बाळं जन्मत होती, २०२३ मध्ये ४१.३ वर आली. पण हे झालं सरासरीचं, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हा आकडा अजून शंभराच्या जवळपास आहे आणि अमेरिकेत, जिथे १९९१ ला तो ६१.८ होता, तिथे २०२३ ला १३ च्या आसपास उतरला.

अजून एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, नाहीतर पुढे गोंधळ होतो. टीनएज प्रेग्नन्सी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लग्न न झालेली मुलगी येते. श्रीमंत देशांत ते बऱ्यापैकी बरोबर आहे, पण गरीब देशांत या वयातली बरीचशी बाळंतपणं लग्नानंतरची असतात. तिथे कुणी कुजबुजत नाही, उलट पेढे वाटल्यासारखा आनंद असतो, पण शरीर तेच सतरा वर्षांचं, सुटलेली शाळा तीच. गळ्यात मंगळसूत्र आहे की नाही हे गर्भाशयाला कळत नाही.

शरीराचा भाग पटकन उरकते. वीस ते चोवीस वयाच्या बायकांपेक्षा १० ते १९ वयाच्या मुलींना झटके येण्याचा म्हणजे एक्लॅम्प्सियाचा आणि बाळंतपणानंतरच्या इन्फेक्शनचा धोका जास्त असतो, बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होण्याची शक्यता जास्त असते. कटिभागाची हाडं पूर्ण वाढलेली नसली तर बाळ अडतं, आणि वेळेवर सिझेरियनची सोय नसेल तर त्यातून फिस्टुला होतो, म्हणजे योनी आणि मूत्राशयाच्या मध्ये भोक पडतं आणि लघवी सतत गळत राहते. आता हा आजारही आहे आणि आर्थिक प्रश्नही, कारण ज्या मुलीच्या अंगाला चोवीस तास लघवीचा वास येतो तिला कामावर कोण ठेवणार, नवरा तरी कुठे ठेवतो. ऑपरेशनने बहुतेक वेळा बरा होतो, पण ते ऑपरेशन करणारा डॉक्टर जवळपास असायला हवा ना.

आता शाळा. इथे थोडं थांबूया कारण खरा खेळ इथेच आहे.

"शाळा सुटली" असं आपण दोन शब्दांत म्हणतो, पण ती एका दिवसात सुटत नाही, हळूहळू निसटते. सोळा वर्षांची एक मुलगी डोळ्यासमोर आणा, कुठलीही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पहिल्याच तासाला मळमळतंय, ती बाहेर पळते, कारण सांगता येत नाही म्हणून पित्त झालंय म्हणते, तिसऱ्यांदा झाल्यावर शिक्षक चिडतात. पाचव्या महिन्यात युनिफॉर्मची बटणं लागेनात, मग थंडी नसताना स्वेटर, बाक शेवटचा, खेळाच्या तासाला दांडी. सातव्यात सगळ्यांना कळलेलं असतं आणि मधल्या सुट्टीत तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण अचानक दुसरीकडे बसायला लागते, कारण तिच्या आईने बजावलेलं असतं. डिलिव्हरी नेमकी परीक्षेच्या आसपास येते. समजा ती चिकाटीची आहे आणि दीड-दोन महिन्यांनी परत वर्गात येऊन बसली, तर दहाच्या तासाला दूध भरून येतं, ड्रेस ओला होतो, आणि अख्ख्या इमारतीत तिला पाच मिनिटं दार लावून बसता येईल अशी एक खोली नसते. बाळ कुणाकडे आहे? तिच्या आईकडे. म्हणजे तिच्या आईने काम सोडलं किंवा अर्धवेळ केलं. हे फार कमी वेळा मोजलं जातं, एका मुलीच्या शिक्षणापायी तिच्या आईचा पगार जातो, आणि ज्या घरात दुसरा पगारच नाही तिथे मग निवड करावी लागते की दोघींपैकी घरी कोण बसणार, आणि बहुतेक वेळा पोरगीच बसते कारण आईच्या पगारावर चूल चालू असते.

आणि हे झालं शाळा घेत असेल तर. कितीतरी ठिकाणी शाळाच दार लावते. सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीत २०१४-१५ ला शाळा कित्येक महिने बंद राहिल्या, त्या काळात अनेक मुलींना दिवस गेले, आणि शाळा उघडल्या तेव्हा २०१५ मध्ये सरकारने काय केलं तर दिसण्याइतपत गरोदर असलेल्या मुलींना वर्गात बसायला आणि परीक्षा द्यायला बंदी घातली. कारण दिलं की इतर मुलींवर वाईट परिणाम होईल. ती बंदी पश्चिम आफ्रिकेच्या प्रादेशिक कोर्टाने, इकोवासच्या कोर्टाने, डिसेंबर २०१९ ला बेकायदा ठरवली आणि सरकारने मार्च २०२० ला उठवली, म्हणजे साधारण पाच वर्षं. टांझानियातही असंच, तिथे गरोदर राहिलेल्या मुलीला काढून टाकायची पद्धत कित्येक दशकं चालली आणि २०२१ च्या नोव्हेंबरात सरकारने जाहीर केलं की बाळंतपणानंतर त्यांना परत येता येईल. आता या मुलींचं शिक्षण अर्धवट राहिलं त्याचं खापर बाळावर फोडायचं का? बाळाने तर कुणाला वर्गाबाहेर काढलं नव्हतं.

बरं, पैशाचं गणित. कमाई ही चक्रवाढ व्याजासारखी असते, पहिली नोकरी, त्यातला अनुभव, त्या जोरावर दुसरी नोकरी, ओळखी, थोडी शिल्लक, असं ते एकावर एक चढत जातं. अठरा ते पंचवीस या वयात पाया घातला जातो आणि नेमक्या त्याच वर्षांत जिच्या कडेवर बाळ आहे ती घराजवळचं, अर्ध्या दिवसाचं, कधीही सुट्टी घेता येईल असं काम शोधते, आणि असं काम बहुतेक कमी पगाराचंच असतं. पाळणाघराची फी पगाराच्या इतक्या जवळ जाते की कामावर जाणं म्हणजे फक्त दमणं. त्यात दुसरं बाळ लगेच आलं की मग विषयच संपला. माझ्या मते पहिल्या बाळापेक्षा दुसरं बाळ कधी येतं हे जास्त निर्णायक आहे आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये फ्रँक फर्स्टनबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात टीनएजमध्ये आई झालेल्या जवळपास चारशे मुलींचा अभ्यास सुरू केला आणि सतरा वर्षांनी त्यातल्या जवळपास तीनशे जणींना परत गाठलं. सगळ्यांना वाटत होतं की बहुतेकींची वाताहत झाली असणार. तसं निघालं नाही. बऱ्याच जणींनी उशिरा का होईना शिक्षण पूर्ण केलं होतं, कामाला लागल्या होत्या, आणि ज्या सावरल्या त्यांच्यात दोन गोष्टी जास्त दिसल्या: शाळा पुरी केली आणि पुढची मुलं लवकर होऊ दिली नाहीत.

आता त्या मूळ भांडणाकडे येते. टीनएजमध्ये आई झालेली बाई आणि तिशीला आई झालेली बाई यांचे पगार शेजारी ठेवून फरक काढला तर तो प्रचंड येतो, पण ही तुलनाच चुकीची आहे कारण पहिली बहुधा गरीब घरातली, मोडक्या शाळेतली, आणि दुसरी नाही. मग १९९२ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी, अर्लीन जेरोनिमस आणि सँडर्स कोरेनमन यांनी, सख्ख्या बहिणींची तुलना केली. घर एक, आईबाप एक, फक्त एकीला लवकर मूल झालं आणि दुसरीला उशिरा. फरक एकदम आकसला. लगेच दुसऱ्या गटाने वेगळा डेटा घेऊन दाखवलं की नाही, फरक कमी होतो पण उरतोच. मग अजून कुणीतरी अजून हुशारी केली: टीनएजमध्ये दिवस गेलेल्या मुलींपैकी काहींचं मिसकॅरेज होतं, ते बऱ्याच अंशी नशिबाचा भाग, तर ज्यांचं मिसकॅरेज झालं त्यांची आणि ज्यांना बाळ झालं त्यांची तुलना करायची. उत्तर असं आलं की वयाच्या पंचविशी-तिशीपर्यंत बाळ झालेल्या मुलींची कमाई काही फार मागे राहिलेली नाही. यावरही आक्षेप आले, की मिसकॅरेज पूर्णपणे नशिबाने होत नाही आणि गर्भपात करून घेणाऱ्या मुली यात कुठे बसवायच्या. २००९ मध्ये हे सगळं सांभाळून परत हिशोब मांडला गेला तर शाळा पूर्ण करण्याची शक्यता ५ ते १० टक्के पॉइंटनी कमी आणि वर्षाची कमाई १००० ते २४०० डॉलरनी कमी निघाली. म्हणजे परिणाम आहे, पण "आयुष्य संपलं" एवढा नाही. लक्षात घ्या की हे सगळं अमेरिकेचं आहे, तिथे उशिरा का होईना शाळा पूर्ण करायचे मार्ग आहेत. जिथे ते मार्गच नाहीत तिथे फटका याहून मोठा बसणार हे उघड आहे.

२०१२ मध्ये मेलिसा किअर्नी आणि फिलिप लेव्हाइन या अर्थशास्त्रज्ञांनी हे सगळं एकत्र करून जे म्हटलं ते मला सगळ्यात पटतं. त्यांचं म्हणणं असं की ज्या ठिकाणी गरीब-श्रीमंत दरी मोठी आहे तिथल्या गरीब मुलींना लवकर मूल होण्याचं प्रमाण जास्त दिसतं, कारण वाट बघून आपलं काही भलं होणार आहे असं त्यांना वाटतच नाही. विचार करा ना, जिला कॉलेज दिसतंय, नोकरी दिसतेय, तिच्यासाठी गोळी विसरणं म्हणजे केवढं मोठं संकट, आणि जिला समोर काहीच दिसत नाही तिच्यासाठी बाळ म्हणजे निदान कुणीतरी आपलं. यात मूर्खपणा काही नाही, आहे त्या परिस्थितीत तो तिचा हिशोबच आहे, आपल्याला आवडो न आवडो.

म्हणूनच वर्तमानपत्रात येणारे मोठे मोठे आकडे जरा सांभाळून वाचावेत. २०११ मध्ये वर्ल्ड बँकेच्या एका अभ्यासात टीनएज प्रेग्नन्सीमुळे बुडणारी मुलींची आयुष्यभराची कमाई देशाच्या एका वर्षाच्या जीडीपीच्या हिशोबात मांडली होती, चीनमध्ये १ टक्का आणि युगांडात तब्बल ३० टक्के. दिशा म्हणून ठीक आहे, पण अशा हिशोबात एक गृहीतक दडलेलं असतं की बाळ नसतं झालं तर तिला बाकीच्या बायकांसारखं काम आणि पगार मिळालाच असता. जिथे कामच नाही तिथे तो पगार कुठून येणार?

मुलांचं काय, हा प्रश्न येतोच. जन्माच्या वेळचं कमी वजन ही गोष्ट पुढे तब्येतीला आणि शिकण्याला नडू शकते. बाकी टीनएज आईची मुलगी स्वतःही लवकर आई होण्याची शक्यता जास्त असते, पण इथेही तोच पेच, ती त्याच गरीब वस्तीत, त्याच शाळेत वाढलेली असते, मग आईच्या वयाचा दोष किती आणि वस्तीचा किती हे वेगळं काढणं अवघड.

समाजाच्या वागण्याबद्दल एक गोष्ट पैशाशी थेट जोडलेली आहे म्हणून सांगते. लाज वाटते म्हणून मुलगी लपवते, लपवते म्हणून तपासणीला उशिरा जाते, चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत डॉक्टरचं तोंड बघत नाही. तोवर ॲनिमिया वाढलेला असतो, बीपीचं कुणाला माहीत नसतं, आणि ज्या देशात गर्भपात कायदेशीर आहे तिथेही सोप्या आणि सुरक्षित गर्भपाताची वेळ टळलेली असते. मग कुणीतरी गुपचूप काहीतरी करतं आणि जिवावर बेततं. लोक काय म्हणतील याची किंमत अशी हॉस्पिटलच्या बिलात येते.

आणि या सगळ्यात बाप कुठे आहे हो? आकडेवारी आईच्या वयाची, शाळा आईची सुटते, नाव आईचं खराब होतं. बापाचं वय बऱ्याच नोंदींत लिहिलेलंच नसतं. जिथे नोंद आहे तिथे दिसतं की तो अनेकदा वर्गातला मुलगा नसतो, वीस-पंचवीस वर्षांचा किंवा त्याहून मोठा माणूस असतो, कमावता असतो, आणि मुलगी कायद्याने लहान असेल तर कितीतरी देशांत तो सरळ गुन्हा आहे. त्या गुन्ह्याची तक्रार होईल या भीतीनेही घरचे दवाखान्यात न्यायचं टाळतात. म्हणजे कायदा आहे मुलीच्या संरक्षणासाठी आणि उपचारापासून लांब ठेवतोय तिलाच.

मग उपाय काय चालतात? आधी काय चालत नाही ते, कारण किस्सा मजेदार आहे. बऱ्याच देशांत शाळकरी मुलींना एक इलेक्ट्रॉनिक बाहुली देतात, खऱ्या बाळासारखी. ती रात्री-बेरात्री रडते, दूध द्यावं लागतं, ढेकर काढावी लागते, लंगोट बदलावा लागतो, आणि मुलीने किती वेळात उचललं, मान धरली की नाही हे सगळं आतल्या यंत्रात नोंदलं जातं. शनिवार-रविवार ही बाहुली सांभाळली की पोरी घाबरतील आणि बाळाचं नाव काढणार नाहीत अशी कल्पना. ऑस्ट्रेलियात पर्थमधल्या ५७ शाळांत याची नीट चाचणी झाली, १३ ते १५ वयाच्या मुली, त्यांना वीस वर्षांच्या होईपर्यंत ट्रॅक केलं, २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. बाहुली सांभाळलेल्यांपैकी ८ टक्के मुलींना बाळ झालं, न सांभाळलेल्यांपैकी ४ टक्के. गर्भपातही ९ विरुद्ध ६ टक्के. घाबरवायला गेले आणि उलटंच झालं.

याउलट केनियातला एक प्रयोग बघा. तिथे पास्कलीन द्युपास या अर्थशास्त्रज्ञाने काही शाळांत मुलींना एकदाच, साधारण चाळीस मिनिटं, एवढीच माहिती द्यायची व्यवस्था केली की तरुण मुलांपेक्षा मोठ्या वयाच्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण किती जास्त आहे. नकोच, थांबा, लग्नापर्यंत धीर धरा, असला उपदेश काही नाही, नुसते वयानुसार आकडे. त्या शाळांत टीनएज प्रेग्नन्सी २८ टक्क्यांनी कमी झाली, आणि कमी झाली ती मुख्यतः मोठ्या पुरुषांपासूनची. लग्नापर्यंत थांबा हे शिकवणाऱ्या सरकारी अभ्यासक्रमाचा मात्र तसा परिणाम दिसला नाही. त्याच भागात दुसऱ्या प्रयोगात मुलींना फक्त शाळेचा युनिफॉर्म फुकट दिला, तर तीन वर्षांत गरोदर राहिलेल्यांचं प्रमाण १६ वरून १३ टक्क्यांवर आलं. युनिफॉर्मचा आणि गर्भनिरोधनाचा संबंध काय असं वाटेल, पण शाळेत राहिलेल्या मुलीला टिकवण्यासारखं काहीतरी असतं ना.

मलावीत अजून एक बारीक गोष्ट सापडली. तिथे काही मुलींच्या घरी शाळेत गेलात तरच पैसे या अटीवर रोख रक्कम दिली आणि काहींना बिनशर्त. शाळेतली हजेरी अटवाल्या गटात जास्त सुधारली, पण लवकर लग्न आणि प्रेग्नन्सी कमी झाल्या बिनशर्त गटात, तेही मुख्यतः ज्या मुलींनी नंतर शाळा सोडली त्यांच्यात. नीट बघितलं तर सरळ आहे, अट घातली की शाळा सोडलेल्या मुलीचे पैसे बंद, म्हणजे जिला सगळ्यात जास्त गरज तिलाच वगळलं, आणि मग पैशासाठी तिच्यासमोर नवरा किंवा बॉयफ्रेंड एवढाच रस्ता राहतो.

मोठ्या पातळीवरचं उदाहरण इंग्लंडचं. १९९९ मध्ये त्यांनी दहा वर्षांची योजना आखली, शाळेत सेक्स एज्युकेशन, तरुणांना न घाबरता जाता येईल अशी गर्भनिरोधनाची केंद्रं, प्रत्येक भागाला टार्गेट, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं की ज्या मुली आई झाल्याच त्यांना शिकता यावं म्हणून पाळणाघराचा खर्चही. १९९८ मध्ये अठरा वर्षांखालच्या दर हजार मुलींमागे साधारण ४७ जणींना दिवस जात होते, २०१८ पर्यंत ते १७ च्या आसपास आलं. सगळं श्रेय योजनेचं म्हणता येणार नाही, बाकी देशांतही आकडे उतरत होतेच. पण तेव्हा एक भीती घातली जायची की आई झालेल्या मुलींना मदत केली तर बाकीच्या बघून बिघडतील. मदत चालू होती आणि आकडा खालीच जात राहिला.